जात पाहू नका, तो एक कुत्रा पाहा

१९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या रॉयल गाइड डॉग असोसिएशनकडे हवाई बेटांवरून एक विनंती आली. तिथल्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी होती. संस्थेत कुत्र्यांची पैदास पाहणारे वॉली कॉनरन यांनी आधी पूडल जातीकडे मोर्चा वळवला. तीन वर्षांत ३३ पूडल पाहिले, पण या कामाला एकही उतरला नाही. मग त्यांनी पूडल आणि लॅब्रेडॉर यांचा संकर केला आणि तीन पिल्लं झाली. यानंतर त्यांनी जे केलं, तेच या गोष्टीतलं खरं विज्ञान आहे. तिन्ही पिल्लांचे केस आणि लाळ यांचे नमुने त्यांनी विमानाने हवाईला पाठवले. त्या गृहस्थांना दोन पिल्लांच्या नमुन्यांनी त्रास झाला, एकाच्या नमुन्याने झाला नाही. ते पिल्लू म्हणजे सुलतान. पुढे तोच त्यांच्या घरी गेला.

आईबाप तेच, वेतही तेच, तरी तिघांतला एकच चालला. जगाने मात्र ‘लॅब्राडूडल’ हे नाव तेवढं उचललं आणि नमुने तपासण्याची पद्धत मागे सोडली. आपण ही फॅशन सुरू केली याचा पश्चात्ताप होतो, असं कॉनरन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडेही पिल्लू विकणारा हमखास सांगतो, ‘याचे केस गळत नाहीत, बिनधास्त न्या, अ‍ॅलर्जी होणार नाही.’ ऐकणारी आई जर स्वमग्न मुलाची असेल आणि त्या मुलाला दम्याचा पंप लागत असेल, तर तिला हे वाक्य किती हवंहवंसं वाटत असेल! म्हणूनच ते तपासून पाहायला हवं.

अ‍ॅलर्जी केसांमुळे होत नाही. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि लघवीतल्या काही प्रथिनांमुळे. त्यांतलं मुख्य ‘कॅन एफ १’. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे कण केसांवर, कपड्यांवर, गादीवर बसतात. त्यांतले बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. कमी केस गळणाऱ्या कुत्र्यालाही जीभ आणि कातडी असतेच.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी साडेतीनशेहून अधिक कुत्र्यांचे केस तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणून खपणाऱ्या जातींच्या केसांत कॅन एफ १ कमी सापडेल अशी अपेक्षा होती. ते सरासरी जवळपास तिप्पट निघालं, आणि सर्वाधिक पूडलमध्ये. लॅब्राडूडल असलेल्या घरांच्या फरशीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेत मात्र जातीनुसार काही फरक दिसला नाही. सगळ्यांत महत्त्वाची बाब अशी, की एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमधला फरक हा दोन जातींमधल्या फरकाहून मोठा होता. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या पथकाने १७३ घरांतली धूळ तपासली होती, तिथेही जातीचा काही लाभ आढळला नाही. २००९ मध्ये ओबामा कुटुंबाने थोरल्या मुलीच्या अ‍ॅलर्जीमुळे ‘बो’ हा पोर्तुगीज वॉटर डॉग निवडला, तेव्हा या जातीचा जगभर गाजावाजा झाला. त्यांना तो मानवलाही असेल. पण तुमच्या मुलाला त्याच जातीचा दुसरा कुत्रा मानवेल, असं त्यावरून ठरत नाही.

मग एवढी उठाठेव करायचीच कशाला? कारण कुत्र्याचा उपयोग खरा आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं, की माणसांशी न बोलणारं मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी बोलू लागतं. २०१० मध्ये कॅनडात ४२ स्वमग्न मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजलं गेलं. सकाळी जाग आल्यावर ते वाढतंच. या मुलांमध्ये ते ५८ टक्के वाढत होतं. प्रशिक्षित कुत्रा घरी आल्यावर ही वाढ १० टक्क्यांवर आली. संशोधनाचा भाग म्हणून काही काळ कुत्रा घरातून नेला, तेव्हा ती पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली.

या अभ्यासातला पहिला आकडा सगळे सांगतात. मला शेवटचा जास्त महत्त्वाचा वाटतो. कुत्रा आणायचा, मुलाचा जीव त्याच्यावर जडायचा आणि महिनाभराने रात्रीचा खोकला सुरू झाला म्हणून त्याला परत पाठवायचं, ही शिक्षा त्या मुलाने का भोगावी? ‘कुत्रा कुठे गेला’ हे ज्याला समजावता येत नाही, त्याच्यासाठी तर ती फारच मोठी शिक्षा आहे. कुत्र्याच्या वाट्याला येणारं बेघरपण वेगळंच. म्हणून पारख आधी करायची.

यात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे डॉक्टरांचंही कधीकधी दुर्लक्ष होतं. छाती भरून आल्यासारखी वाटते, डोळे चुरचुरतात, हे अनेक विशेष मुलांना सांगता येत नाही. तळहाताने नाक वरच्या दिशेने घासत राहणं, रात्री तोंडाने श्वास घेणं, मधेच उठून बसणं, दिवसा चिडणं, डोकं आपटणं अशा खुणांतून ते सांगत असतात. यातल्या शेवटच्या दोन ‘वागणुकीच्या समस्या’ म्हणून थेरपिस्टच्या वहीत जातात आणि अ‍ॅलर्जी तशीच राहते. कुत्र्याच्या सहवासाची चाचणी घेताना झोप, खोकला, नाक आणि मूड यांची रोज नोंद ठेवा. सांगू न शकणाऱ्या मुलाच्या वतीने ती वहीच बोलते.

सुरुवात अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून करावी. त्वचेवर टोचून करायची चाचणी मूल करू देत नसेल, तर एकदाच रक्त घेऊन तपासणी होऊ शकते. आपल्या दमट हवेत बऱ्याचदा खरे गुन्हेगार गादीच्या धुळीतले सूक्ष्म किडे किंवा झुरळं असतात आणि आळ मात्र कुत्र्यावर येतो. काही प्रयोगशाळांत कुत्र्याच्या एकेका प्रथिनाची वेगळी तपासणी होते. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. ज्याला फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी आहे, त्याला मादी चालण्याची बरीच शक्यता असते. दमा आटोक्यात नसेल तर मात्र तो आटोक्यात येईपर्यंत कुत्र्याचा विषय बाजूला ठेवावा.

तज्ज्ञांनी होकार दिला, की ठरावीक कुत्र्याशी ओळख करून द्यावी. आधी मोकळ्या जागेत, मग ज्या घरात तो राहतो तिथे, वेळ हळूहळू वाढवत, वेगवेगळ्या दिवशी. त्याच वेळी स्वभावही पाहावा. मुलाला लांब बसवून मोठ्या माणसाने पातेल्याचं झाकण खाली पाडावं. दचकणार प्रत्येकच कुत्रा. पाहायचं ते पुढे काय करतो ते. कान मागे, शेपूट पायांत आणि बराच वेळ कोपऱ्यात, तर तो बिचारा अचानक किंचाळणाऱ्या मुलासोबत सुखी राहणार नाही. झाकण हुंगून, शेपूट हलवत पुन्हा जवळ आला, तर बोलणी पुढे न्यायला हरकत नाही. म्हणूनच मी पिल्लापेक्षा दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या बाजूने आहे. त्याचा स्वभाव ठरलेला असतो आणि पिल्लासारखे दातही तो लावत नाही. शांत स्वभावाची, लसीकरण झालेली देशी मादी या कसोटीला उतरली, तर महागड्या संकराची गरज नाही. मुलाला भुंकण्याचा त्रास होत असेल किंवा ते अंग चोरत असेल, तर त्याचा नकार नकारच समजावा.

घरी आणल्यावर आपल्या फरशीची मदत होते. गालिचात हे कण मुरून बसतात, लादी मात्र ओल्या फडक्याने पुसता येते. कोरडा झाडू तेच कण हवेत उडवतो, म्हणून आधी पुसणं बरं. आंघोळीने केसांवरची प्रथिनं घटतात, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा वाढतात. म्हणजे आठवड्यातून दोनदा आंघोळ हवी, आणि ती कुत्र्याच्या कातडीला सोसते का हे पशुवैद्याला विचारून. विंचरणं बाहेर, मोठ्यांनी. कुत्र्याने चाटलं की मुलाचं हात-तोंड धुवावं. झोपायची खोली कुत्र्याला बंद. हा नियम पाळणं सर्वांत अवघड जातं, कारण अनेक पालकांना कुत्रा हवा असतो तो रात्रीच्या सोबतीसाठीच. पण अ‍ॅलर्जी असेल तर इथे तडजोड नको.

पिल्लू विकणारा घाई करत असेल, ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणत असेल, तर येऊ द्या. तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि तुमचं मूल त्याच कुत्र्यासोबत काही दिवस थोडा थोडा वेळ घालवेपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.