गालिचे धुण्याचा लहान उद्योग : उज्जयिनीची माती आणि यंत्रांची निवड

आपल्या समाजातील एखाद्या होतकरू तरुणाने स्वतंत्र धंदा करावयाचे मनात आणले की त्याची दृष्टी प्रथम सराफ्याकडे, कापडाकडे किंवा किराण्याकडे वळते. वाडवडिलांच्या पेढ्या पटनी बाजारात आणि नमकमंडीत नांदल्या, तेव्हा हे स्वाभाविकच होय. परंतु त्या बाजारांतून नव्या दुकानास जागा मिळणे दुर्घट झाले आहे, आणि जागा मिळाली तरी माल भरण्यास लागणारे भांडवल ऐकून तरुणाचा उत्साह मावळतो. मालाच्या साठ्यावाचून चालणारे जे थोडे उद्योग आहेत त्यांत गालिचे स्वच्छ करून देण्याच्या उद्योगाची गणना करावी, असे आम्हांस वाटते. दुसऱ्याची धूळ झाडणे हे व्यापाऱ्याच्या मुलास शोभत नाही, असा आक्षेप घरातील वडील मंडळी घेतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की लेख पुरा वाचावा व मग निर्णय द्यावा.

या धंद्यास आपल्या नगरात आज अनुकूल काळ आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ वाढला आणि महाकाल परिसरापासून नानाखेड्यापर्यंत उतारूंसाठी हॉटेले व निवासस्थाने उभी राहिली. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ साली यावयाचा आहे. मंडपवाल्यांच्या जाजमा, फ्रीगंजातील बंगल्यांतले गालिचे, हॉटेलांतील भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटविलेली बैठक, उपाश्रयातील आसने, या साऱ्यांस स्वच्छतेची गरज आहे. ते काम करणारा माणूस मात्र सहसा इंदुराहून बोलवावा लागतो.

येथवर सारे सोपे आहे. कठीण भाग यंत्र घेताना येतो, आणि तरुणाचे पैसे बुडतात ते बहुधा तेथेच. विक्रेता चकचकीत यंत्र दाखवितो, त्यातून वाफ निघते, मळकट पट्ट्यावर एक स्वच्छ रेघ उमटते, आणि पाहणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. ती रेघ दुकानातल्या पट्ट्यावरची आहे, उज्जयिनीतल्या नव्हे, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

माळव्याची माती काळी. तिच्यातील चिकणमातीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आक्रसतो. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात व पावसाळ्यात गाडीचे चाक रुतते. हीच माती बारीक धूळ होऊन गालिच्याच्या लवेत, अगदी गाठीच्या मुळापर्यंत बसते. तिच्यावर प्रथमच पाणी सोडले तर गालिचा धुतला जात नाही, त्यात चिखल कालविला जातो. वरून तो उजळ दिसतो, पण वाळताना खालचा चिखल तंतूंच्या टोकांशी चढतो व चार दिवसांत डाग पूर्ववत् प्रकट होतात. गिऱ्हाइकाचा समज असा होतो की साबण वाईट होता. वास्तविक चूक क्रमाची असते. गालिच्यातील मळाचा बहुतेक भाग कोरडाच असतो व तो कोरडाच काढला पाहिजे. म्हणून आमच्या मते या धंद्यातील पहिली खरेदी धुण्याच्या यंत्राची नसून धूळ ओढण्याच्या यंत्राची असावी, आणि तेही फिरत्या कुंचल्याचे, जो लव उघडून तळातील कण सैल करतो.

धूळ ओढण्याच्या यंत्राचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली ते प्रथम सिद्ध केले. त्यापूर्वी त्याने धूळ फुंकून उडविणारे यंत्र पाहिले होते. फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा प्रश्न त्याच्या मनात आला व त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूस काळे वर्तुळ उमटले. पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते घोड्यांच्या गाडीवरून न्यावे लागे, रस्त्यात उभे करून लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. सबब त्याने यंत्र विकण्याऐवजी सफाई विकली. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमयी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे त्याच्या यंत्राने स्वच्छ केले. म्हणजे ज्या धंद्याचा आम्ही पुरस्कार करीत आहोत तो या यंत्राचा अगदी जन्मापासूनचा सोबती आहे. हिंदुस्थानात यूरेका फोर्ब्सने १९८२ पासून दारोदार विक्रेते पाठवून हे यंत्र मध्यमवर्गाच्या घरात नेले. तथापि पुष्कळ घरांतून ते आज माळ्यावर विसावलेले आढळते, आणि आपल्या धंद्याला वाव आहे तो त्यामुळेच.

दुसरी खरेदी पाणी फवारून लगेच ओढून घेणाऱ्या यंत्राची. येथे विक्रेता वॉटचे आकडे सांगतो. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते. ते पाणी किती खेचते हा निराळा प्रश्न आहे. मोटार पाण्याचा स्तंभ किती इंच वर ओढते, हे विचारावे. तसेच फवाऱ्याचा दाब जितका अधिक तितके बरे, हा समज सोडावा. लहान यंत्रास १०० पौंडांच्या आसपासचा दाब पुरतो. याहून फार जास्त दाबाने पाणी लव ओलांडून पाठीच्या तागात शिरते, तेथून ते ओढले जात नाही, आणि ताग भिजला की पिवळट-तपकिरी रंग वर येतो. यंत्रास अंगचा पाणी तापविण्याचा भाग असेल तर त्याचा व मोटारीचा भार मिळून घरातील १६ अँपियरच्या एका जोडणीवर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॉटच्या आत, राहतो की नाही हे पाहावे. जुन्या वाड्यांतील तारांचा भरवसा त्याहूनही कमी धरावा.

तिसरी वस्तू म्हणजे वाळवणीचे पंखे. जमिनीलगत जोराने हवा फेकणारे असे दोन पंखे व बांबूंची किंवा लोखंडी नळ्यांची भक्कम घोडी, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. नवशिका या खरेदीवर हात आखडतो, आणि त्याचे नाव खराब होते ते येथेच. कोरडा असताना जो सहा बाय नऊचा लोकरी गालिचा एक माणूस खांद्यावर नेतो, तो भिजल्यावर दोघांना उचलता उचलत नाही. लोकर तर अशी फसवी की आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. कोरडा समजून गुंडाळलेला गालिचा दोन दिवसांनी कुबट वासासह उलगडतो. आषाढ-श्रावणात लोकरी गालिचे धुण्यास घेऊच नयेत. त्या महिन्यांत केवळ कोरडी धूळ काढण्याची कामे घ्यावीत.

आता हिशेब. समजा, वरील सरंजामास ९० हजार रुपये पडले आणि मजुरी, पाणी, साबण, वाहतूक वजा जाता एका गालिच्यामागे २५० रुपये राहिले. ३६० गालिच्यांत भांडवल फिटते. दिवसाला दोन धरल्यास १८० दिवस, म्हणजे पावसाळा वगळून एक हंगाम. तेच यंत्र चार लाखांचे घेतले तर १६०० गालिचे, म्हणजे साडेचार हंगामांच्या आसपास. इतक्या अवधीत यंत्राचे पट्टे, नळ्या व पंपाच्या झडपा दोनदा बदलाव्या लागतील. ते सुटे भाग ५५ किलोमीटरवरच्या इंदुरात मिळतात की परदेशातून मागवावे लागतात, हे पैसे देण्यापूर्वी विचारणे अगत्याचे आहे. भांडवल अपुरे असल्यास मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ वर्गात व पाच लाखांपर्यंतचे ‘किशोर’ वर्गात मिळू शकते. उद्यम नोंदणी प्रारंभीच करून घ्यावी.

पाण्याविषयी दोन शब्द. गंभीर धरण आटू लागले की एक दिवसाआड नळ येण्याची या शहरास सवय आहे, आणि कूपनलिकेचे पाणी साबणास फेस येऊ देत नाही. तेव्हा साधा साबण न वापरता उदासीन गुणाचे, म्हणजे ना आम्ल ना क्षार असे, प्रक्षालक घ्यावे. क्षाराने लोकर खरखरीत होते. शिवाय येथील गालिच्यावर हळद सांडलेली असणारच. क्षाराचा स्पर्श होताच हळद लाल होते व गिऱ्हाईक म्हणते, तुम्हीच डाग पाडला. हळदीचा डाग सौम्य द्रावाने टिपून उन्हात ठेवावा, ऊन त्याचा रंग खाते. भस्म व गुलाल यांस मात्र पाणी दाखवूच नये. आधी सारे कोरडेच ओढून घ्यावे.

कामास हात घालण्यापूर्वी तंतू ओळखावा. पाठीकडून एक धागा काढून जाळावा. केस जळल्याचा वास आला व राख बोटात चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन अथवा तत्सम. कागदासारखा जळला तर सूत किंवा नकली रेशीम. शेवटचे निघाल्यास नम्रपणे नकार द्यावा, कारण नकली रेशीम ओले होताच दुबळे होते व त्याची चकाकी परत येत नाही. ग्वाल्हेरच्या ज्या हातविणीच्या गालिच्यांस २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले, तसा गालिचा आला तर ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग दाबून पाहावा. फडके रंगले तर यंत्र लावू नये.

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न केव्हाचा उभा असेल : लोकरीतील कसरीचे काय? पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा निषेध आहे, आणि कीटकनाशक फवारून देणे हे या धंद्याचे अंग मानले जाते. आमचे मत स्पष्ट आहे की ते अंग सोडूनही धंदा चालतो. कसरीच्या अळीस अंधार, निश्चलता व मळ प्रिय असतो; पलंगाखाली वर्षभर न हललेला गालिचाच ती खाते. कटासणे उलगडून पडिलेहण करण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तीच गालिच्यास लावावी. महिन्यातून एकदा त्यास उजेड दाखविला, दोन्ही बाजूंनी हलक्या कुंचल्याने झाडला, तर जीव वसतच नाहीत व मारण्याचा प्रसंग येत नाही. अशी मासिक फेरी वार्षिक कराराने घ्यावी. फवारणीपेक्षा तिचे उत्पन्न अधिक नियमित आहे. जो गालिचा आधीच कसरीने भरला आहे तो घेऊ नये व कारण मालकास सांगावे. पाणी गाळून वापरण्याचा नियमही येथे दुहेरी उपयोगी पडतो, कारण गाळलेल्या पाण्याने पंपाच्या झडपेत वाळूचा कण अडकत नाही. मळके पाणी मात्र नाल्यात सोडू नये. इंदुराकडून येणारी कान्ह नदी त्रिवेणीपाशी क्षिप्रेस काय आणून देते ते आपण पाहतोच. त्यात आपली भर नको. ते पिंपात साठवावे, गाळ खाली बसू द्यावा, आणि वरचे पाणी मलवाहिनीत सोडावे.

गालिचा ताब्यात घेताना जुने डाग, उसवलेली कड व फिकट झालेला भाग मालकासमक्ष वहीत लिहून त्यांची सही घ्यावी, आणि त्याच पानावर मोजमाप, तंतू व परत देण्याचा वार टाकावा. वार लिहिताना वाळवणीसाठी एक दिवस अधिक धरावा.