नलिकेचा व्यास आणि तिचे कंपन

लहान घंटेचा स्वर उंच, मोठ्या घंटेचा खर्जातला, हे आपण सारेच जाणतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बन नॅनोनलिकेलाही हाच न्याय लागू पडतो.

कार्बन अणूंचे एकपदरी जाळे गुंडाळल्यास जी पोकळ नळी होईल, ती ही नलिका. तिचा व्यास साधारणतः १ ते २ नॅनोमीटर. केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. ही नलिका श्वास घेतल्याप्रमाणे सतत फुगते व आकसते. व्यास १ नॅनोमीटर असेल, तर सेकंदाला सुमारे ७ लाख कोटी वेळा. व्यास दुप्पट झाला की कंपने निम्मी होतात. कारण सरळ आहे. रुंद नलिका तेवढीच फुगली, तरी तिच्या घेरातील प्रत्येक बंध कमी ताणला जातो. म्हणून तिला पूर्ववत करणारा जोरही कमी पडतो. नलिकेच्या लांबीने मात्र या कंपनात फारसा फरक पडत नाही.

ही कंपने मोजावी कशी? १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखविले, की कंप पावणाऱ्या पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. त्या बदलावरून कंपनसंख्या कळते आणि कंपनसंख्येवरून व्यास.

नलिका तयार होताना अनेक व्यासांच्या एकत्रच निपजतात, आणि त्यांचे विद्युत्‌गुण व्यासानुसार बदलतात. म्हणून ही ओळख पटल्यावाचून त्यांचा नेमका उपयोग करता येत नाही. जे दिसत नाही, तेही त्याच्या परिणामांवरून तपासून जाणता येते, हाच धडा आपण यातून घ्यावा.