ट्रक ड्रायव्हरचा बोनस : वाद कशाचा आणि भार कुणावर?



दिवाळी जवळ आली, गव्हाणीत मोळी पडायची वेळ झाली, की ड्रायव्हर लोकांच्या बोनसचा प्रश्न दरसाल उभा राहतो. "ऊस पिकवायचा आम्ही, ही भानगड आम्हाला कशाला?" असे कित्येक सभासद विचारतात. पण गाडी उभी राहिली तर तोडलेला ऊस फडातच वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच एफ.आर.पी.तून वजा होतो. म्हणून हा वाद नीट समजून घेतलेला बरा.

पहिली गोष्ट वेळेची. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून 8 महिन्यांच्या आत बोनस द्यावा लागतो. सहकारी कारखान्याचे वर्ष 31 मार्चला संपते. म्हणजे मुदत 30 नोव्हेंबरपर्यंत. नेमका तोच हंगामाच्या सुरुवातीचा काळ. ओढाताण त्याच वेळी का होते, ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. बोनसचा कायदा 1965 सालचा. त्यातल्या मुख्य तरतुदी 2019 च्या वेतन संहितेत आल्या आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. किमान बोनस 8.33 टक्के, जास्तीत जास्त 20 टक्के. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सोप्या भाषेत एक महिन्याचा पगार. हा किमान बोनस नफा असो वा तोटा, द्यावाच लागतो. वर्षात 30 दिवस काम केले की हक्क लागतो. तेव्हा "हंगामी माणसाला कसला बोनस?" हे म्हणणे चुकीचे आहे. जितके काम, तितक्या पगारावर त्याला मिळतो.

आता खरा वाद. ड्रायव्हर नोकर कुणाचा?

1) जो कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, त्याचा बोनस कारखान्याने द्यायचा. इथे वाद नको.

2) जो वाहतूकदाराच्या ट्रकवर आहे, त्याचा मालक वाहतूकदार. पण 20 माणसे कामाला असतील तरच बोनसची तरतूद लागते. दोन-तीन ट्रकवाल्याला ती सहसा लागत नाही. उलट मोठ्या कंत्राटदाराने देणे चुकवले, तर जबाबदारी मूळ आस्थापनेच्या मालकावर येऊ शकते. म्हणजे फिरून आपल्याच दारात.

3) जो स्वतःचाच ट्रॅक्टर हाकतो, तो नोकर नव्हे. त्याला खेपेचा दर आणि कमिशन मिळते. त्याला 'बोनस' म्हटले तरी तो कायद्यातला बोनस होत नाही.

तिसरे भांडण पगार किती धरायचा याचे. मूळ पगार, महागाई भत्ता आणि बिगर हंगामातला रिटेन्शन भत्ता धरतात. ओव्हरटाईम आणि कमिशन धरत नाहीत. पण नव्या संहितेत एक मेख आहे. न धरायच्या रकमा एकूण कमाईच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग पगारात मिळवायचा. समजा, पगार 12,000 आणि खेपेचे कमिशन 18,000, एकूण 30,000. निम्मे झाले 15,000. कमिशन त्याहून 3,000 ने जास्त, म्हणून पगार 15,000 धरायचा. बोनसच्या हिशेबाला सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा असते, ती त्यानंतर लावायची. पगार नावापुरता ठेवून बाकी सगळे खेपेवर देण्याची युक्ती आता पूर्वीसारखी चालणार नाही.

आता आपल्या बांधावरची गोष्ट. फडात गाडी भरली की ड्रायव्हर 'एन्ट्री' मागतो, टोळी 'खुशाली' मागते. नाही दिली तर गाडी हलत नाही. ऊस वाळायला लागला की शेतकरी मुकाट्याने खिशात हात घालतो. या मागणीला कायद्याचा आधार नाही, आणि आम्ही तिचे समर्थन करत नाही. पण ज्या माणसाला मालकाकडून पगार पुरा मिळत नाही, बोनस मिळत नाही, तो ती तूट कुठून भरून काढणार? मालकाने चुकवलेला बोनस आपण पावतीशिवाय देतो, तोही एकदा नव्हे, खेपेखेपेला. ज्याला सगळे हक्काचे मिळते तोही एन्ट्री मागत असेल, तर त्याला मात्र कसलीच सबब नाही.

आमचे सांगणे एवढेच. वाहतुकीचा करार करतानाच ड्रायव्हरचा पगार व बोनस कोण देणार, हे कागदावर लिहून घ्यावे. मोठ्या वाहतूकदाराची बिले चुकती करण्याआधी त्याने बोनस बँकेत भरल्याचा दाखला पाहावा. सभासदांनी हा प्रश्न वार्षिक सभेत विचारावा. आणि एन्ट्री मागितली गेली, तर गाडीचा नंबर व तारीख लिहून शेती खात्याकडे लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

रात्रभर थंडीत नंबर लावून यार्डात बसणारा ड्रायव्हर आपला वैरी नाही. त्याचे हक्काचे त्याला राजरोस मिळाले, तरच आपले हक्काचे आपल्या खिशात राहील.