कसाऱ्याच्या वळणावरचा कठडा

१८ ऑगस्ट २०२४. सिन्नरहून मुंबईकडे निघालेला दुधाचा टँकर नवीन कसारा घाटात ताबा सुटून सुमारे दोनशे फूट खोल दरीत कोसळला. पाच जणांचा जीव गेला. घाटात असे काही घडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे कठडा होता का? त्यापुढचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कठडा असेल तर तो कोणत्या जातीचा, आणि नेमके काय थोपवण्यासाठी बसवलेला?

कसारा मागे पडले की मुंबई-आग्रा महामार्ग सह्याद्री चढू लागतो. नाशिककडे जाणारी वाहने जुन्या घाटाने चढतात, मुंबईकडे येणारी नव्या घाटाने उतरतात. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळ्यात धुके उतरले की समोरच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा अंदाजानेच ओळखायचे. अशा रस्त्यावर कडेने धावणारा तो पन्हळी पत्रा बघून ड्रायव्हरला धीर येतो. पण हा पत्रा म्हणजे भिंत नव्हे, आणि भिंतीचे काम त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

दोन पन्हळींच्या या पोलादी पट्टीला अभियंते ‘डब्ल्यू बीम’ म्हणतात, कारण तिचा छेद इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा दिसतो. पत्रा जेमतेम तीन मिलिमीटर जाड, वर जस्ताचा मुलामा. साधारण दर दोन मीटरवर एक खांब. त्याचा बराचसा भाग जमिनीत रोवलेला. गाडी तिरकी येऊन आदळली की खांब मातीत कलतात, पट्टी ताणली जाते आणि कंबरपट्ट्यासारखी गाडीला कवेत घेऊन पुन्हा रस्त्याच्या दिशेने वळवते. खांब आणि पत्रा यांच्यामध्ये एक ठोकळा असतो. गाडीचे चाक खांबात अडकून गाडी गरकन फिरू नये, एवढ्यासाठीच तो आहे. दोन पट्ट्यांचा जोडही वाहतुकीच्या दिशेने, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसवावा लागतो. उलटा बसवला तर पत्र्याची धार येणाऱ्या गाडीला सामोरी जाते.

म्हणजे या कठड्याला वाकायला मागे मोकळी जागा हवी आणि खांबाला घट्ट धरून ठेवणारी माती हवी. घाटात नेमकी याच दोन गोष्टींची टंचाई. खांब भरावाच्या अगदी टोकाला, मागे वीतभर माती आणि पुढे थेट दरी असेल, तर धडक बसताच खांब मातीसकट निखळू शकतो. पत्रा उत्तम प्रतीचा असूनही उपयोग शून्य.

दुसरा हिशेब वजनाचा आणि वेगाचा. दीड टनाची मोटार ताशी साठ किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या जवळपास साडेसात पट ऊर्जा ताशी चाळीसने उतरणाऱ्या पंचवीस टनी ट्रकमध्ये असते. शिवाय ट्रकचा गुरुत्वमध्य उंच, त्यामुळे बुटक्या कठड्यावरून तो पलीकडे लवंडण्याची भीती वेगळीच. म्हणून जगभर कठडे प्रत्यक्ष गाड्या आदळवून तपासले जातात. युरोपच्या ‘ईएन १३१७’ मानकात साधा कठडा दीड टनाच्या मोटारीला ताशी ११० किलोमीटर वेगात थोपवतो का, ते पाहतात. त्याच्या वरच्या एका श्रेणीला तेरा टनांच्या बसची ताशी ७० किलोमीटरची धडक सोसावी लागते, तर सर्वात वरच्या श्रेणीत ३८ टनांचे अवजड वाहन ताशी ६५ किलोमीटरने आदळवतात. या तिन्ही चाचण्यांत कोन वीस अंशांचा असतो. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ११९’ ही मार्गदर्शिका २०१५ पासून आहे. खरेदी करताना पत्र्याच्या जाडीइतकाच चाचणीचा दाखलाही बघायला हवा.

दरी लगत असेल आणि वाहने अवजड असतील तर पारडे काँक्रीटच्या बाजूने झुकते. पायाशी रुंद आणि वर निमुळती होत जाणारी ही भिंत ‘न्यू जर्सी बॅरिअर’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतल्या त्याच राज्यात १९५०च्या दशकात ती आकाराला आली. चाक तिच्या उतरत्या पायावर थोडे चढते, गाडीचा जोर त्यात खर्ची पडतो आणि गाडी परत रस्त्यावर येते. ही भिंत जागची हलत नाही, हाच तिचा गुण. दोषही तोच: धक्का सगळा गाडीतल्या माणसांना बसतो. कसाऱ्यासारख्या धो धो पावसाच्या ठिकाणी तिच्यात पाणी वाहून जायला भोके ठेवली नाहीत, तर रस्त्याचाच ओढा होतो.

तिसरा प्रकार पोलादी दोरांचा. २३ डिसेंबर २०१२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर समोरच्या मार्गिकेतला टेम्पो दुभाजक ओलांडून आला आणि अभिनेते आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे यांचा मृत्यू झाला. त्यानंतर दुभाजकात दोरांचे कठडे बसवण्याची मागणी जोर धरू लागली आणि पुढे ते बसवलेही गेले. दोर गाडीला मऊपणे झेलतात, पण झेलताना दोन-दोन मीटर मागे सरकतात. रुंद दुभाजकात हे चालते. कसाऱ्याच्या अरुंद वळणावर दोर मागे सरकणार ते दरीतच.

पोलाद आणि काँक्रीटखेरीज वेगळा प्रयोगही झाला आहे. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा दोनशे मीटर लांबीचा कठडा उभा राहिला. ‘बाहुबल्ली’ असे त्याचे नाव. बांबूवर क्रिओसोटची प्रक्रिया, वर पुनर्वापरातल्या प्लास्टिकचे आवरण आणि पीथमपूरच्या चाचणी केंद्रात तपासणी अशी त्याची जडणघडण. जगातला असा हा पहिलाच कठडा, असे तेव्हा सांगण्यात आले.

कठड्याची जात बरोबर निवडली तरी एक जागा दुबळी राहतेच, ती म्हणजे त्याची सुरुवात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. तिथे रस्ता तीन मार्गिकांवरून दोनवर येतो आणि कठड्याचे तोंड येणाऱ्या गाडीला सामोरे असते. पत्र्याचे उघडे टोक तर भाल्यासारखे गाडीत घुसू शकते. म्हणून टोक बाहेरच्या बाजूला वळवून डोंगरात रुतवायचे किंवा त्यापुढे धक्का शोषणारी उशी ठेवायची.

मुरबाड तालुक्यातून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याचा अनुभवही विसरण्यासारखा नाही. २ जानेवारी २०१४ रोजी तिथे एसटीची बस दरीत कोसळून २७ जण दगावले. प्रवासी बस जिथून रोज जाते, तिथला कठडा मोटारीच्या हिशेबाने निवडून भागत नाही.

आणि ब्रेकच निकामी झाले तर? उतारावर वेग धरलेला ट्रक समोरून आदळला, तर बहुतेक कठडे हात टेकतात. या प्रश्नाचे उत्तर रेल्वेने इथेच, कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात, शोधून ठेवले आहे. सदतीसास एक अशा चढणीचा हा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. उतरणारी गाडी ताब्यात नसेल तर तिला मुख्य रुळावरून बाजूच्या चढणीवर वळवणारी ‘कॅच सायडिंग’ तिथे आहे. रस्त्यावर तेच काम खडी किंवा वाळूने भरलेला चढता फाटा करतो. चाके खडीत रुततात आणि ट्रक थांबतो.

कठडे फक्त रस्त्यावरच लागतात असे नाही. कारखान्यात आणि गोदामात वेग कमी, म्हणून धोका कमी असे वाटते. आसनगावची गोदामे असोत की मुरबाडची औद्योगिक वसाहत, तिथे फिरणारी पाच टनांची फोर्कलिफ्ट ताशी दहा किलोमीटरनेही रॅकचा खांब वाकवू शकते, आणि एका खांबाबरोबर सगळा माल खाली येऊ शकतो. पायी चालणाऱ्या कामगारांच्या वाटेला, रॅकच्या कोपऱ्यांना आणि माल चढवण्याच्या धक्क्याला वेगवेगळे कठडे लागतात. प्लास्टिकचे लवचिक कठडे धडकेनंतर पूर्ववत होतात, फरशीतले बोल्टही उखडत नाहीत. पोलादी कठडा स्वस्त पडतो, पण वाकला की बदलावा लागतो. मात्र कठड्यामागे माणूस उभा राहणार असेल, तर लवचिक कठडा किती वाकतो तेवढे अंतर मोकळे सोडलेच पाहिजे. पिवळ्या रंगाची नुसती पट्टी मारून यातले काहीच साधत नाही.

निवडीइतकीच महत्त्वाची आहे निगा. एकदा धडक झेललेला पत्रा दुसरी झेलेल, याची खात्री नसते. डांबराचे थर चढत गेले की कठड्याची उंचीही आपसूक कमी होते. घाटातून जाताना वाकलेला पत्रा, निखळलेला खांब किंवा उघडे टोक दिसले, तर किलोमीटरचा दगड लक्षात ठेवा, गाडी सुरक्षित जागी घ्या आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर कळवा.