‘वय झालंय’ म्हणजे निदान नव्हे

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आता नर्सिंगला, फिजिओथेरपीला, बीयूएमएसला जातायत. दादी-नानांच्या घरात वाढलेली ही मुलं म्हाताऱ्या पेशंटची काळजी आपोआप चांगली घेतील, असं आपण धरून चालतो. तसं होतंच असं नाही.

वयावरून माणसाला कमी लेखण्याला अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी 1969 मध्ये ‘एजिझम’ हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात दर दोघांपैकी एकाच्या मनात हा पूर्वग्रह आहे. आरोग्यशिक्षण घेणारी मुलं त्यातून सुटतील कशी?

त्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. वॉर्डात त्यांना दिसतात ते खाटेवर पडलेले, दुसऱ्याच्या आधाराने उठणारे बुजुर्ग. फजरला चालत मशिदीत जाणारे पंच्याहत्तरीचे नाना तिथे येतच नाहीत. मग म्हातारपण म्हणजेच आजार, हे डोक्यात पक्कं बसतं. नाना समोर बसलेले असताना ‘यांना काय होतंय?’ असं मुलाला विचारलं जातं.

आणि प्रत्येक तक्रारीवर एकच उत्तर येतं: वय झालंय. हे धोक्याचं आहे. दादी अचानक असंबद्ध बोलू लागली तर त्यामागे लघवीचा संसर्ग असू शकतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, नवं औषध बाधलेलं असू शकतं. वेळेत इलाज झाला तर अनेकदा ती सावरते. उतारवयात छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो, नुसती धाप लागते. विद्यार्थ्याने ‘वयच आहे’ म्हणून पुढे जाणं इथे जिवावर बेतू शकतं.

आपण घरी काय करतो, तेही पाहायला हवं. ‘घरात नर्स आहे ना!’ म्हणत डायपर, इंजेक्शन, रात्रीचं जागरण सगळं त्या एकट्या मुलीवर टाकतो. खिदमतचा सवाब तिला एकटीला देण्याइतके आपण उदार! अशाने तिच्या मनात म्हातारपणाबद्दल कंटाळाच साठणार. रात्रपाळीत भावानेही उठावं. डॉक्टरची, हकीमची, मेडिकलमधून आणलेली दादीची सगळी औषधं एका पिशवीत घालून तिने दादीसोबत बसावं, कुठली गोळी कशाची ते विचारावं. वुजूच्या जागेची ओली फरशी पाहावी. दादीला साखरेचा आजार असेल तर रमजानच्या महिना-दोन महिने आधी दोघींनी मिळून डॉक्टरांना रोजाबद्दल विचारावं, आणि तिथे बोलायचं दादीने.