कनेक्टिंग रॉड: ‘पाचशे एचपी’च्या लेबलमागे काय?

“पाचशे एचपीचा रॉड आहे, बिनधास्त टाका,” असं सांगणारा विक्रेता इंजिन खोलून बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. लोणी काळभोरला अभियांत्रिकी शिकणारी, रेसिंगची हौस असलेली मुलंही बाजारातले रॉड ताडून बघताना आधी हाच आकडा शोधतात. एकट्या त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

स्फोटाचा दाब रॉडला खाली रेटतो, आणि पोलाद दाब बऱ्यापैकी सोसतं. खरी कसोटी लागते एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. पिस्टन सुसाट वर निघालेला असतो, त्याला अडवायला वरून गॅसचा दाब जवळपास नसतो, आणि रॉडने त्याला खेचून परत आणायचं असतं. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. 7,000चे 10,000 केलेत की दुप्पट. केटीएमच्या जुन्या 390 ड्यूकचा स्ट्रोक 60 मिमी. 9,000 आरपीएमला तिच्या पिस्टनचं वरच्या टोकाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त भरतं. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन मिळून 300 ग्रॅम धरले, तरी रॉडवर साधारण एक टनाची ओढ येते, तीही सेकंदाला 75 वेळा. त्यामुळे ‘किती एचपी’ याच्या आधी ‘किती आरपीएम आणि किती वजनाचा पिस्टन’ हे विचारायला हवं.

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेतल्या पेट्रोल गाड्यांना हवेची वाट आवळणारा 20 मिमीचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा असतो. पॉवर घटली म्हणजे रॉडही निवांत, असं समजायचं कारण नाही. आरपीएम तेवढाच राहिला तर ओढही तेवढीच राहते.

दांड्याच्या छेदाच्या आकाराबद्दलचा ‘एच-बीम हा आय-बीमपेक्षा मजबूतच’ हा समज तर फारच पसरलेला आहे. एच-बीम मशीनवर कापायला सोपा, म्हणून बाजारात तो जास्त दिसतो. ताकद ठरते ती धातू किती आहे, कुठे ठेवला आहे आणि कोपरे किती गोलाईने उतरवले आहेत यावर. प्रचंड पॉवरच्या रेसिंग इंजिनांत उत्तम आय-बीम सर्रास वापरतात.

‘4340 स्टील’ या शिक्क्याचंही तसंच. आपल्याकडे मिळणारं ईएन24 हे त्याचंच जवळचं भावंड. ग्रेड फक्त रसायन सांगते. ताकद येते हीट ट्रीटमेंटमधून. रॉड सहसा एका फटक्यात मोडत नाही, तो थकून मोडतो, आणि थकव्याची चीर पृष्ठभागावर सुरू होते. म्हणून बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घेणाऱ्या शॉट पीनिंगला महत्त्व. म्हणूनच हौसेने रॉडच्या दांड्यावर नंबर ठोकणाऱ्या मेकॅनिकचा हात धरावा. टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे 44 टक्के हलकं असतं, होंडाने 1990च्या एनएसएक्समध्ये ते वापरलंही. पण त्याचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास, आणि घासणाऱ्या बाजूंना कोटिंग लागतंच.

कंपनीचा रॉड म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. लोणीहून पुण्याकडे येताना लागणाऱ्या मुंढव्यात 1961 साली स्थापन झालेली भारत फोर्ज आहे. फोर्जिंग ही या भागाला नवलाची गोष्ट नाही, आणि फोर्ज केलेला रॉड ही बाहेरच्या विक्रेत्यांचीच मक्तेदारी नाही. मूळ इंजिनाच्या आरपीएम मर्यादेत कंपनीचा रॉड पुरून उरतो. वजनदार रॉड बसवलात, तर क्रँकचा बॅलन्स बिघडतो आणि बिग एंड बेअरिंगवरचा भार वाढतो, विशेषतः एका सिलिंडरच्या इंजिनात. आणि पावसात एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं, तर भारीतला रॉडही भरवशाचा नाही: पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो किंवा दुसरं काही फुटतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग बोल्टचा. बोल्ट आधीच पुरेसा ताणून बसवला नसेल, तर दर फेरीला रॉडच्या खालच्या टोकाची कॅप सूक्ष्म उघडते, बोल्ट थकतो आणि एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. टॉर्क रेंचचा आकडा आट्यांवरच्या तेलानुसार फसवतो. बोल्ट किती लांबला ते मोजणं जास्त खात्रीचं. रॉड घेताना बोल्ट कोणत्या बनावटीचा आणि त्याची लांबी किती वाढवायची हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो रॉड घेऊ नका.