आकाशदिवा आणि तीन वर्षांचं पोर

काशीत पंचगंगा घाटावर कार्तिकभर संध्याकाळी बांबूच्या करंडीत पणती ठेवून ती दोरीने उंच काठीवर चढवतात. तिथला अहिल्याबाई होळकरांचा दगडी हजारा दीपस्तंभ त्रिपुरी पौर्णिमेला उजळतो. तीन वर्षांच्या पोराला यातलं काय आठवणार? एकटादुकटा प्रसंग बहुधा पुसला जातो. साडेतीन वर्षांआधीचं मोठेपणी फारसं कुणालाच आठवत नाही. पण दरवर्षी तेच घडलं की मेंदूत त्याचा साचा पक्का होतो. शिवाय ‘दोरी कोणी ओढली? मग काय झालं?’ असं आईबाप विचारत राहिले, तर मुलं आठवणी अधिक तपशिलात सांगू लागतात, असं न्यूझीलंडच्या एलेन रीस यांचं संशोधन सांगतं. नुसते मोबाइलवर फोटो काढून हे साधत नाही, बरं का! दोरीचं टोक पोराच्या हाती द्या. तेल सांडलं तर सांडू दे.